शिळावर्तुळ खणायला निघालात? आधी भेगा बघा

महाश्मयुगीन दफनं, म्हणजे मोठे दगड रचून केलेली प्राचीन दफनं, कशी असतात हे एम.ए.च्या वर्गात झालं असेलच, ते इथे उगाळत नाही. पण विदर्भात काम करणार असाल तर दगडी पेटीत नीट निजवलेला सांगाडा डोक्यातून काढून टाका. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथे बहुतेक ठिकाणी गोट्यांचं वर्तुळ (तेच शिळावर्तुळ) आणि आत दगड-मातीचा भराव असतो. हाडं कधी मिळतात, कधी नुसता चुरा. हाडं नाहीत म्हणून वर्तुळ रिकामं ठरत नाही. माहुरझरीला माणसांबरोबर घोडेही पुरलेले आढळले, त्यांच्या तांब्याच्या अलंकारांसकट.

आता मी जिथे अडकले ते. काळी माती. उन्हाळ्यात ती तडकते, भेगा हातभर खोल जातात. वरच्या थरातला मणी त्यातून घसरून खाली जातो. पावसात माती फुगते, भेग मिटते, मणी आत राहतो. पुढच्या हंगामात तो कवटीशेजारी मिळतो आणि आपण 'मृताच्या गळ्यात अकीकाची माळ' लिहून मोकळे! माझ्या प्रबंधातला अख्खा तक्ता असल्या मण्यांवर उभा होता. पुन्हा सांगते, कारण वाचून कुणालाच पटत नाही: कितीही अचूक मोजलेली खोली मण्याचा काळ सांगत नाही. मिटलेल्या भेगेतली माती जरा सैल, वेगळ्या रंगाची असते. सकाळी पृष्ठभागावर हलकं पाणी शिंपडलं की रेषा उठते. ती आधी नकाशावर काढा, ती माती वेगळी खरवडा, बारीक चाळणीतून चाळा, पिशवीवर 'भेग' असं लिहा. मणी ओळीने, कमानीत पडले असतील तर माळ म्हणा. एकटादुकटा असेल तर गप्प बसा. लोखंडी कुऱ्हाड किंवा अख्खं काळं-तांबडं भांडं भेगेतून घसरत नाही. निष्कर्षाची सुरुवात तिथून करा.

मोबाइलवर फोटो काढून 'रात्री तंबूत रेखाटू' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. रेखाटन खड्ड्यातच व्हायला हवं. आणि गुरू शोधायचाच तर गावातला जुना खोदकामगार शोधा. कुदळीचा आवाज बदलला की तो थांबतो. संध्याकाळी गाडीतून उतरून थर समजावणारे बरेच भेटतील, ऐकून घ्या.

मुळाला हाड समजणं सगळ्यांचं होतं, त्याने घाबरू नका. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांचे उत्खनन-अहवाल शांतपणे वाचा, आकृत्यांसकट. प्रबंधाला विषय मिळत नसेल तर दफनं सोडून वस्तीकडे वळा. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी वस्तीतच सापडली, तरी नवी मुलं वर्तुळांमागेच धावतात.

जुनापाणी नागपूर-काटोल रस्त्यावर आहे. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिथे एकोणिसाव्या शतकातच खोदलं होतं. जायचं तर सकाळी लवकर जा. दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे तिरप्या उन्हात दिसतात, बाराच्या उन्हात शोधूनही सापडत नाहीत.