रिसॉर्ट की लिव्हअबोर्ड?
भुसावळ-जळगावकडून स्कूबा डायव्हिंगसाठी अंदमान किंवा मालदीवला निघणाऱ्यांनी किनाऱ्यावरचे डाइव्ह रिसॉर्ट घ्यावे की मुक्कामच बोटीवर असणारी लिव्हअबोर्ड, हे भाड्यावरून नव्हे, तर आपल्या लॉगबुकवरून, म्हणजे आतापर्यंतच्या डाइव्हच्या नोंदवहीवरून ठरवावे. लिव्हअबोर्डवर दिवसाला तीन-चार डाइव्ह होतात आणि दूरचे प्रवाळ गाठता येतात. मात्र तिथे प्रवाह जोरदार असू शकतो, म्हणून 30 मीटर खोलीपर्यंतचे अ‍ॅडव्हान्स्ड प्रशिक्षण अनेक बोटवाले आधीच मागतात. 18 मीटर खोलीपर्यंतचे ओपन वॉटर हे प्राथमिक प्रशिक्षण नुकतेच पूर्ण केलेल्याने अंदमानातल्या स्वराज द्वीपासारख्या (हॅवलॉक) ठिकाणी रिसॉर्टवरच राहावे, हे बरे.

विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्या आमच्याकडच्या माणसाला पाण्याची भीती नसते, पण आपल्याला बोट लागते, म्हणजे बोटीवर मळमळते की नाही, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. रिसॉर्टवर एखादी सकाळ पडून काढता येते, भर समुद्रातल्या बोटीवरून उतरता येत नाही. घरची मंडळी डायव्हिंग करणार नसतील, तर प्रश्नच मिटला.

परतीचे विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तासांनी घ्यावे आणि मुंबईहून पुढच्या रेल्वेचे आरक्षण तो हिशेब करूनच काढावे.