वडाचा जीनोम वाचायचाय? या चुका टाळा

वडोदरा या नावातच वड आहे. कामाटीबाग असो की विश्वामित्रीचा काठ, झाड शोधावं लागत नाही. म्हणूनच इथल्या झाडाचा आणि त्यावरच्या कीटकाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचायचा म्हटलं की विद्यार्थी आधी वडाकडे वळतात. सिक्वेन्सिंगचं, म्हणजे डीएनएचा क्रम वाचणारं, यंत्र सहसा दगा देत नाही. नमुना बिघडतो तो झाडापासून प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटेवर.

सर्वांत मोठी चूक पान निवडताना होते. हाताला येतं म्हणून जून, जाड पान तोडतात. त्यात चीक, पॉलिसॅकराइड आणि पॉलिफेनॉल भरपूर. मग नळीच्या तळाशी पांढऱ्या डीएनएऐवजी तपकिरी, चिकट गोळा बसतो आणि तो पाण्यात विरघळतच नाही. माझ्या पहिल्या तीन नळ्या अशाच फुकट गेल्या. नुकतं उलगडलेलं कोवळं पान घ्या. जमलं तर ती फांदी आधी दोन दिवस काळ्या कापडात गुंडाळून ठेवा, पानातला स्टार्च उतरतो. डीएनए वेगळा करायच्या सीटॅब बफरमध्ये फेनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी हवंच.

मे महिन्यात प्लास्टिकच्या पिशवीत भरून स्कूटरवरून आणलेलं पान वाटेतच उबतं. सिलिका जेलमध्ये वाळवलेलं पान बारकोडिंगला, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखायला, चालतं. लाँग-रीडसाठी, म्हणजे डीएनएचे लांब तुकडे वाचायला, मात्र झाडाखालीच लिक्विड नायट्रोजन आणि नंतर उणे 80 अंश.

डीएनए किती शुद्ध आहे ते 260, 280 आणि 230 नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणावरून कळतं. 260/280 चं गुणोत्तर 1.8 आलं की मुलं खूश होतात. 260/230 बघा. ते 2 च्या बरंच खाली असेल तर पॉलिसॅकराइड किंवा फेनॉल अजून आत आहेत. आणि डीएनए किती आहे ते क्युबिट या यंत्रावर मोजा. प्रकाशाचं शोषण मोजणारं नॅनोड्रॉप यंत्र आरएनएसुद्धा त्यातच धरतो.

आता कीटक. वडाचं परागण युप्रिस्टिना मसोनी ही इवलीशी गांधीलमाशी करते. पिकत आलेलं फळ चिरलं की पंखांच्या माद्या आणि बिनपंखांचे नर दिसतात. पण परागण न करणाऱ्या इतर जातीही त्याच फळात वाढतात, म्हणून सरसकट सगळ्या एका नळीत टाकू नका. सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या करा. नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो. त्यामुळे वाचलेल्या तुकड्यांची जुळवणी कितीतरी सोपी होते. डीएनए अगदी थोडा मिळतो, तेव्हा लो-इनपुट किट आधीच मागवून ठेवा. जुळवणीत कीटकाच्या पेशींत राहणाऱ्या वोल्बाकिया जिवाणूचे तुकडे सापडले तर ते कीटकाच्या जीनोमपासून वेगळे काढा, पण फेकू नका; तीही जैवविविधतेचीच माहिती आहे. कीटक टिकवायला फॉर्मॅलिन कधीच वापरू नका.

बागेतलं झाड असेल तर परवानगी आधी घ्या.

शेवटची चूक क्षुल्लक वाटते, पण तिने वर्षभराचं काम जातं. त्याच झाडाची फांदी वाळवून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवायची राहून जाते, किंवा नळीवरचं नाव अल्कोहोलने पुसलं जातं. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने क्रमांक लिहून ती नळीच्या आत टाका. तोच क्रमांक हर्बेरियमच्या पानावर, तोच वहीत.