जुन्या सीएनसी मशीनला पेन ड्राइव्ह दिसत नसेल तर

वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीतल्या कितीतरी वर्कशॉपमध्ये जुन्या सीएनसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशीनला नवा ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह दिसत नाही. ड्राइव्ह बहुधा चांगलाच असतो. तो बऱ्याचदा एक्सफॅटमध्ये (ड्राइव्हवर फायली मांडायची एक नवी पद्धत) फॉरमॅट केलेला येतो आणि मशीन चालवणाऱ्या जुन्या कंट्रोलरला बहुधा फक्त फॅट किंवा फॅट३२ या जुन्या पद्धती कळतात.

विंडोजमध्ये आधी ड्राइव्हमधला डेटा दुसरीकडे काढून घ्या. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून ‘डिस्कपार्ट’ हे डिस्कचे भाग पाडायचे टूल चालवा. ‘लिस्ट डिस्क’ने आकार बघूनच डिस्कचा नंबर निवडा, इथे चुकलात तर पुढच्या ‘क्लीन’ने कॉम्प्युटरची हार्ड डिस्कच पुसली जाईल, म्हणून दोनदा तपासा. क्लीननंतर ‘कन्व्हर्ट एमबीआर’ (मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजे डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत), मग ४०९६ एमबीचे एकच प्रायमरी पार्टिशन (भाग), ते फॅट३२मध्ये क्विक फॉरमॅट आणि शेवटी ड्राइव्हला अक्षर देण्यासाठी ‘असाइन’. उरलेली जागा रिकामीच राहू द्या, प्रोग्रॅमच्या फायली तशाही किलोबाइटांत असतात. तरीही दिसला नाही, तर २००० एमबीचे पार्टिशन करून साधे फॅट वापरा.

मॅकवर डिस्क युटिलिटीत स्कीम ‘मास्टर बूट रेकॉर्ड’च निवडा, जीपीटी ही नोंदीची नवी पद्धत या मशीनना सहसा वाचता येत नाही.

ड्राइव्ह दिसतो पण फाइल नाही? नाव इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत आणि स्पेसशिवाय ठेवा.