कामापुरतं स्पॅनिश: वाक्यं थोडी शिका, तयारी उत्तराची करा

‘स्पॅनिशची शंभर उपयोगी वाक्यं’ छापाच्या याद्यांनी शिकणाऱ्यांचं नुकसानच जास्त केलंय. माणूस यादी पाठ करतो, सहकाऱ्याला अगदी नीट प्रश्न विचारतो, आणि समोरून भराभर उत्तर आलं की नुसती मान डोलावतो. मान डोलावली म्हणजे याला कळलं, असं समोरचा धरून चालतो. मग मंगळवारचं काम बुधवारी होतं आणि साठच्या जागी सत्तर नग जातात. म्हणून इथे बोलायची वाक्यं कमी आहेत आणि ऐकायच्या तयारीवर भर आहे.

पायरी १: उच्चार

मराठी माणसासाठी ही सोपी पायरी आहे. त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे, आणि प, त, क म्हणताना हवा सोडायची नाही. स्वर पाचच, आणि ते कुठेही बदलत नाहीत. स्पेलिंगमधला एच मुका असतो, बी आणि व्ही दोन्हींचा उच्चार ब, जे म्हणजे घशातून काढलेला ख, आणि डबल एल बहुतेक ठिकाणी य.

देवनागरीत लिहून पाठ करायला हरकत नाही, पण देवनागरीत जोर दिसत नाही आणि स्पॅनिशमध्ये जोर चुकला की अर्थ बदलतो. ‘पागो’मध्ये ‘पा’वर जोर दिला तर ‘मी पैसे भरतो’; ‘गो’वर दिला तर ‘त्याने पैसे भरले’. हिशोबाच्या टेबलावर हा फरक लहान नाही. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या वजनाने म्हणतो, त्यामुळे दोन्ही शब्द आपल्या तोंडून एकसारखेच निघतात. नियम असा: शब्द स्वराने, एनने किंवा एसने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर (अवयव म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, जसं ‘पा-गो’), नाहीतर शेवटच्या. अक्षरावर तिरकी रेघ असेल तर जोर तिथेच. वहीत प्रत्येक शब्दाचा जोराचा भाग अधोरेखित करा.

पायरी २: पाच साचे

क्रियापदांचे तक्ते सध्या बाजूला ठेवा. पहिल्या महिन्यात त्यांनी काही साधत नाही. हे पाच साचे घ्या:

- मे प्वेदे… पोर फाबोर? (कृपया मला… द्याल का / कराल का?)
- प्वेदो…? (मी… करू का?)
- नेसेसीतो… (मला… हवंय)
- तेंगो के… (मला… करायलाच हवं)
- आय उन प्रोब्लेमा कोन… (…मध्ये अडचण आहे)

पहिल्या चार साच्यांपुढे क्रियापद मूळ रूपात, म्हणजे शेवटी ‘र’ असलेलं, जसंच्या तसं बसतं: एम्ब्यार (पाठवणे), रेबिसार (तपासणे), फिर्मार (सही करणे), इम्प्रिमीर (छापणे), यामार (फोन करणे), एस्पेरार (थांबणे), आपागार (बंद करणे), तेर्मिनार (संपवणे), सालीर (निघणे). ‘मे प्वेदे फिर्मार एस्तो, पोर फाबोर?’ म्हणजे ‘यावर सही कराल का?’ ‘तेंगो के सालीर’ म्हणजे ‘मला निघायला हवं’. ‘नेसेसीतो’पुढे वस्तूचं नावही चालतं, पाचव्या साच्यापुढे मात्र नावच लागतं. आपल्या कामातली दहा क्रियापदं आणि दहा वस्तू निवडा, तेवढं पुरतं.

बाईने ‘मी कामात आहे’ म्हणताना ‘एस्तोय ओकुपादा’, पुरुषाने ‘एस्तोय ओकुपादो’. ‘दमलो’ आणि ‘दमले’ म्हणणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.

पायरी ३: तू की उस्तेद

सुरुवात कायम ‘उस्तेद’ने, म्हणजे आदराच्या ‘तुम्ही’ने करा. समोरचा तुम्हाला ‘तू’ म्हणायला लागला की तुम्हीही ‘तू’वर या आणि ‘प्वेदे’चं ‘प्वेदेस’ करा. स्पेनमधल्या बऱ्याच ऑफिसांत हे पहिल्याच दिवशी होतं. कोलंबियाच्या मोठ्या भागात मात्र जवळची माणसंही एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’ ऐकू येईल.

मराठी माणसाची इथे एक ठरलेली चूक होते. आपण ‘साहेब आले’ म्हणतो, म्हणजे आदरासाठी अनेकवचन वापरतो. स्पॅनिशमध्ये हे चालत नाही. एका माणसाला ‘प्वेदेन’ म्हटलंत तर तो मागे वळून बघेल की आणखी कोण उभं आहे. आदर कितीही असो, माणूस एक असेल तर क्रियापद एकवचनी.

पायरी ४: आलेलं उत्तर पकडणं

खरी कसोटी इथे आहे, निम्म्याहून जास्त वेळ या पायरीला द्या.

पहिली गोष्ट, प्रश्न असा विचारा की उत्तर अरुंद यावं. ‘अहवाल कधी येणार?’ असं विचारलं की समोरचा कारणं, माणसांची नावं, सगळंच सांगू लागतो. त्याऐवजी ‘ओय ओ मान्याना?’ विचारा: आज की उद्या? उत्तरात या दोन शब्दांपैकी एक येणार हे कानाला आधीच माहीत असतं. खुले प्रश्न पहिले काही महिने विचारूच नका, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट, शब्द सुटे ऐकू येतील ही अपेक्षा सोडा. कागदावर ‘बा आ एम्ब्यार एल इन्फोर्मे ओय?’ (आज अहवाल पाठवणार का?) असं सहा शब्दांचं वाक्य असतं, कानावर पडतं ‘बाएम्ब्यारेलिन्फोर्मेओय’. शेजारचे स्वर चिकटतात, आधीच्या शब्दातलं शेवटचं व्यंजन पुढच्या स्वरावर चढतं. कॅरिबियन बेटांवर, चिलीत आणि दक्षिण स्पेनमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘स’ही जवळजवळ गळतो. म्हणून सुटे शब्द ऐकवणाऱ्या ॲपवर कान तयार होत नाही. दहा सेकंदांचं खरं संभाषण घ्या, मजकूर न बघता ऐकू आलं तसं लिहा, मग ताडून बघा. कुठे दोन शब्द एक झाले तिथे खूण करा आणि तेच वाक्य तसंच जोडून स्वतः म्हणा. जोडून म्हणता आलं की ऐकूही येऊ लागतं. रोज पंधरा मिनिटं याच कामाला द्या.

तिसरी गोष्ट, आकडे आणि वेळा. ‘सेसेंता’ म्हणजे ६०, ‘सेतेंता’ म्हणजे ७०. मधल्या एका व्यंजनाचा फरक. शंका आली तर अंक सुटे करून विचारा: ‘सेईस, सेरो?’ म्हणजे सहा, शून्य? ‘लास त्रेस इ मेद्या’ म्हणजे साडेतीन, आणि स्पेनमध्ये ‘लास त्रेस मेनोस क्वार्तो’ म्हणजे पावणेतीन. लॅटिन अमेरिकेत पावणेतीनला बहुधा ‘क्वार्तो पारा लास त्रेस’ म्हणतात. वारांत ‘मार्तेस’ (मंगळवार) आणि ‘म्येर्कोलेस’ (बुधवार) यांची गफलत होते. स्पेनच्या कॅलेंडरवर बुधवारसाठी एक्स हे अक्षर दिसलं तर तो याच गोंधळावरचा तोडगा आहे. मेक्सिकोत ‘आओरीता’ ऐकलं तर ‘आत्ता’ असं लिहून घेऊ नका. ते ‘आत्ता’ही असू शकतं आणि ‘थोड्या वेळाने’ही. ‘आ के ओरा?’ (किती वाजता?) विचाराच.

चौथी गोष्ट, नाही कळलं तर ‘पुन्हा सांगा’ म्हणू नका. समोरचा तेच वाक्य त्याच वेगाने, फक्त मोठ्या आवाजात म्हणतो. जेवढा तुकडा निसटला तेवढाच मागा: ‘के दीआ?’ (कोणता दिवस?), ‘क्वान्तोस?’ (किती?). वेगच झेपत नसेल तर ‘मास देस्पास्यो, पोर फाबोर’, आणि तरीही अडलं तर ‘मे लो प्वेदे एस्क्रिबीर?’ (मला लिहून द्याल का?).

शेवटी कळलेलं परत म्हणून दाखवा: ‘एन्तोन्सेस, एल मार्तेस आ लास त्रेस, कोरेक्तो?’ म्हणजे ‘तर मग मंगळवारी तीनला, बरोबर?’ ही सवय लागेपर्यंत नुसतं ‘सी, सी’ (हो, हो) म्हणणं स्वतःला बंद करा. ज्या ‘सी’मागे दिवस, वेळ किंवा आकडा नाही, ती धोक्याची.

पायरी ५: फोन

फोन उचलल्यावर स्पेनमध्ये ‘दीगामे’, मेक्सिकोत ‘ब्वेनो’ ऐकू येतं. नवा माणूस अडतो तो पुढच्या वाक्यावर: ‘दे पार्ते दे क्येन?’ कोण बोलतंय, एवढाच त्याचा अर्थ. नाव सांगा. ‘नो क्वेल्गे’ म्हणजे फोन ठेवू नका.

पायरी ६: लेखी खात्री

फोन झाला की दोन ओळींचा ईमेल टाका: दिवस, वेळ, आकडा. औपचारिक मायन्यात ‘एस्तिमादा सेन्योरा’ आणि नावानंतर स्वल्पविराम नाही, अपूर्णविराम येतो. रक्कम लिहिताना जास्त जपा. स्पेन आणि अर्जेंटिनात दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब वापरतात, म्हणजे १.५०० हे दीड हजार. मेक्सिकोत टिंब दशांशाचं. ‘मिल मिय्योनेस’ म्हणजे १०० कोटी, पण ‘बिय्योन’ म्हणजे थेट एक लाख कोटी. इंग्रजी बिलियनच्या सवयीने ‘बिय्योन’ लिहिलंत तर रक्कम हजारपट होते, त्यामुळे मोठी रक्कम अंकांतच लिहा आणि शेजारी चलनाचं नाव द्या.