बेल्जियमच्या पिठाच्या पोत्यांची आठवण कशी जागवावी

पहिल्या महायुद्धात बेल्जियमला जगवणाऱ्या अन्नमदतीवर शाळेत किंवा वाचनालयात कार्यक्रम करायचा असेल, तर सुरुवात नकाशापासून करावी. धान्याचा मोठा भाग आयात करणारा हा देश १९१४ मध्ये जर्मन सैन्याच्या ताब्यात गेला आणि ब्रिटिश नाकेबंदीमुळे बाहेरचे धान्यही अडले, हे सांगताना नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदर आणि तिथून निघणारे कालवे दाखवले की मदतीचा मार्ग सहज समजतो. ही मदत उभी करणाऱ्या समितीचे अमेरिकी प्रमुख हर्बर्ट हूवर यांचा उल्लेख अवश्य करावा. पण त्यांच्या समितीने आणलेले अन्न गावोगावी वाटणाऱ्या बेल्जियन राष्ट्रीय समितीच्या स्वयंसेवकांना अधिक वेळ द्यावा, कारण खरे विस्मरण त्यांचेच झाले आहे.

त्यानंतर पिठाच्या सुती पोत्याचे छायाचित्र मोठे करून दाखवावे. स्फोटकांसाठी कापूस लागत असल्याने, तो जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून रिकाम्या पोत्यांचा काटेकोर हिशेब ठेवला जाई, आणि बेल्जियन स्त्रियांनी अमेरिकी गिरण्यांच्या छापील नावांवरूनच रंगीत धाग्यांचे भरतकाम करून त्यातली अनेक पोती कृतज्ञतेने परत पाठवली. गिरणीचे नाव, टाके आणि कापडाची वीण प्रेक्षकांना सावकाश पाहू द्यावी. अशी पोती आयोवा राज्यातील हूवर संग्रहालयात जपलेली आहेत. तिथले चित्र वापरल्यास खाली संग्रहालयाचे नाव लिहावे.