बर्फात गाडी नेताय? ट्रॅक्शन कंट्रोलच्या भरवशावर या चुका करू नका

२०२० साली अटल बोगदा सुरू झाला आणि हिवाळ्यातही मनालीहून लाहौलमध्ये उतरता येऊ लागलं. तेव्हापासून भर जानेवारीत सिस्सूला एमएच पासिंगच्या गाड्या दिसतात. मीही चार हिवाळे तिथे गाडी चालवली आहे. दर वेळी त्याच चुका बघून जीव वर-खाली होतो.

‘ट्रॅक्शन कंट्रोल आहे, काळजी नाही’

सगळ्यात घातक समज हाच. ही यंत्रणा एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकांचा वेग बघते. एखादं चाक जागच्या जागी गरागरा फिरू लागलं की त्याला ब्रेक लावते, इंजिनचा जोर कमी करते. रस्त्यावर जेवढी पकड आहे तेवढीच ती वापरते, नवी पकड कुठून आणणार? आणि गाडी थांबवणं तिचं कामच नाही.

दोन वर्षांपूर्वी मेहुणा माझ्यामागून येत होता. चढ संपल्यावर चहाला थांबलो तर म्हणाला, “दाजी, तो घसरत्या गाडीचा दिवा सारखा लुकलुकतोय. सिस्टीम मस्त काम करतेय!” मी म्हटलं, अरे, लुकलुकतोय म्हणजे चाकं घसरतायत, सांभाळून चल. त्याने मनावर घेतलं नाही. परतताना चार वाजून गेले होते. ऊन सरलं की दुपारी वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं आणि डांबरावर काचेसारखा थर बसतो, दिसतही नाही. सोलंगच्या अलीकडे देवदारांच्या सावलीतलं वळण होतं. हा चाळिसाच्या वेगात आला. आरशात बघतोय तर गाडी वळेचना! ब्रेक दाबलेला, पेडल पायाखाली थडथडतंय, गाडी मात्र सरळ कडेच्या बर्फाच्या ढिगात. तो ढीग नसता तर खाली नाला होता. बंपर तुटला, पोरं रडत होती.

माझी सवय सांगतो. दिवा लुकलुकला की ॲक्सिलरेटर हलकेच सोडायचा. उतार लागण्याआधीच दुसरा गिअर, वेग वीसच्या आत, आणि तीननंतर परतीचा प्रवास नाही. घाई असेल त्याने बर्फात येऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रुतल्यावर रेस देत राहणं

नवशिके हमखास हेच करतात. चाक फिरतं, खालचा बर्फ गुळगुळीत होतो, गाडी आणखी खोल जाते. मऊ, खोल बर्फात ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनचा जोर इतका कमी करतं की गाडी हलतच नाही. अशा वेळी, आणि फक्त अशाच वेळी, ट्रॅक्शन कंट्रोल बटण दाबून बंद करा. चाकापुढचा बर्फ हाताने काढा, माती टाका, दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच क्लच सोडा. चाकाखाली गाडीतली मॅट घालायची असेल तर मागे कुणाला उभं करू नका, ती सुटून अंगावर येते. बाहेर निघालात की यंत्रणा लगेच चालू करा.

बाकीच्या

गुळगुळीत झालेल्या टायरवर कुठलीच यंत्रणा चालत नाही.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठतो. सपाट जागा बघून गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

चेन, म्हणजे बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायची साखळी, इंजिनचा जोर मिळणाऱ्या चाकांनाच बांधायची: बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या, इनोव्हा क्रिस्टासारख्या गाडीत मागच्या. मनालीत भाड्याने घेतलीत तर दुकानदारासमोरच एकदा बांधून बघा. अंधारात, बधिर बोटांनी पहिल्यांदा बांधायला गेलात तर अर्धा तास जातो आणि मागे गाड्यांची रांग लागते.