मागच्या सीटचं माप

कराडात बावीस वर्षं मी ब्लाऊज शिवतेय. गळ्यातली टेप काढायचं भान राहत नाही, तशीच शोरूममध्ये गेले. सेल्समन हसला. म्हटलं, आलीच आहे बरोबर तर वापरू.

आधीची गाडी आम्ही रंग आणि भाव बघून घेतली होती. मागे बसून कुणी बघितलंच नाही. परिणाम सासूबाईंच्या गुडघ्यांनी भोगले: उतरताना आधी एक पाय, मग दरवाजाची कड, मग माझा खांदा. म्हणून यंदा वॅगनार आणि २०२४ ची नवी स्विफ्ट यांत निवडताना आख्खं घर बरोबर नेलं.

कागदावरची मापं आधी बघून घ्या, पण नीट वाचा. स्विफ्ट ३८६० मिलिमीटर लांब, वॅगनार ३६५५. म्हणजे जवळजवळ वीतभराचा फरक. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ते २४५० आणि २४३५. फरक फक्त दीड सेंटीमीटर, आणि माणसं बसतात ती याच अंतरात. खरा फरक उंचीत आहे: वॅगनार १६७५, स्विफ्ट १५२०. उंच गाडीत माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो, पाय खाली सोडून. ठेंगण्या गाडीत पाय पुढे पसरावे लागतात, त्यांना लांबी जास्त लागते.

आता अंगावरचं माप. घरून निघण्याआधी म्हाताऱ्या माणसाला कुणाचा हात न धरता ज्या खुर्चीतून उठता येतं, तिची उंची मोजा. आमची अठरा इंच भरली. शोरूममध्ये जमिनीपासून मागच्या सीटच्या पुढच्या कडेपर्यंत टेप लावा. सीट खुर्चीपेक्षा बरीच खाली असेल तर उठताना गुडघ्यावर सगळा भार येणार, हे तिथेच कळतं. आणि त्यांना रोजच्या साडीतच न्या. दरवाजाच्या खालची पट्टी रुंद असली की उतरताना निऱ्या तिला घासतात. पावसाळ्यात ती पट्टी चिखलाने भरलेली असते. हे पँट घातलेल्या माणसाच्या लक्षातच येत नाही. सासूबाई वॅगनारमध्ये नुसत्या टेकल्या आणि पाय आत घेतले. स्विफ्टमध्ये आधी मान वाकवली, मग बसल्या.

मागच्या जागेची परीक्षा घ्यायची तर चालवणाऱ्याने आधी पुढची सीट आपल्याला हवी तशी लावायची, आणि मग तिच्या मागे बसायचं. शोरूमवाले पुढची सीट आधीच पुढे सरकवून ठेवतात, त्याला भुलू नका. आमचे हे पाच फूट दहा इंच, चिरंजीव सहा फूट. ह्यांनी सीट लावली, मुलगा मागे बसला. गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांत बोटं घालून बघा. ब्लाऊजला शिवणीत माया सोडतो तशी इथेही चार बोटं माया हवी, कारण लांबच्या प्रवासात माणूस हळूहळू पुढे घसरतो. मग पुढची सीट उंचीला कमीजास्त होत असेल तर पार खाली करायला लावा. पाऊल तिच्याखाली जातं का? गुडघ्याला जागा आहे पण पावलाला नाही, असं बऱ्याच गाड्यांत होतं.

मांडीकडे कुणी बघत नाही. सीटला पाठ टेकवून बसा आणि गुडघ्याजवळ मांडीखाली तळहात सरकवा. हात सहज आत गेला तर मांडी अधांतरी आहे. पुण्याला पोचेपर्यंत कंबर बोलायला लागेल. सीटवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढायला सांगा, नाहीतर घसरल्यामुळे काहीच कळत नाही. आणि दोन मिनिटांनी उठू नका. मी पंधरा मिनिटं बसले, सेल्समनने दोनदा चहा विचारला.

मागे तिघांना बसवायचंच असेल तर रुंदी बघा: स्विफ्ट १७३५, वॅगनार १६२०. हा बाहेरचा आकडा; आत तो सगळा मिळत नाही, तरी खांद्याला फरक जाणवतो. इथे स्विफ्ट जिंकली. वॅगनारमध्ये मधल्याने खांदा चोरूनच बसायचं.

डिकी लिटरमध्ये सांगतात, वॅगनारची ३४१ आणि स्विफ्टची २६५. मला लिटर समजत नाही. मी सासूबाईंचा वॉकर नेला होता, तो आडवा घालून बघितला.

टेस्ट ड्राइव्हला नवऱ्याने चालवावं, आपण मागे बसावं. गुळगुळीत हायवेवर नेतात, तिथे सगळ्याच गाड्या छान. गल्लीतल्या दोन गतिरोधकांवरून गाडी न्यायला लावा आणि डोकं छताकडे किती जातं ते बघा.

वॅगनार घेतली. चिरंजीव अजून कुरकुरतात, त्यांना स्विफ्टच हवी होती. सीटची कव्हरं मात्र मीच शिवणार म्हणून कापड आणलं, आणि माप घेताना पुढच्या सीटच्या कडेला शिवलेली एअरबॅगची चिठ्ठी दिसली. त्या बाजूला घट्ट शिवण घातली तर फुगा उघडायला अडेल. पुढच्या दोन्ही सीटची ती कड आता उघडीच ठेवलीय.